न घासलेल्या ताटल्या

अंजना बेळगावहून निपाणीला घरी आली ती पिशवीत झाकणाच्या काचेच्या बशा घेऊन, आणि त्या कशासाठी हे कळल्यावर बायडाबाईचं डोकंच फिरलं.

"वखारीत ठेवायच्या? कुनी ठेवायच्या?"

"मी ठेवते की. सकाळी तुझ्यासंगं येते, सांजच्याला काढून आणते."

"तू?" बायडाबाईच्या हाताला भाकरीचं पीठ होतं, ते तसंच राहिलं. "तुला वखारीची पायरी चढू द्यायची न्हाय म्हणून मी माज्या छातीचं खोकं करून घेतलं. आनि आता शिकून सवरून तू तितंच येनार व्हय गं? मग कालेजात कशाला घातली? सातवीतच चाळण दिली असती की हातात!"

"आई, काम करायला न्हाय गं. मोजायला."

"काय मोजायला?"

"धूळ."

चुलीपुढं अंजनाचा बाप मायाप्पा बसला होता. बाजारात हमाली करून तो आताच आला होता आणि त्याला भाकरी हवी होती. तो म्हणाला, "धूळ मोजायला कालेज? मग आमी सगळे बीएस्सीच की गं."

कंग्राळीला मावशीकडं राहून अंजना बेळगावच्या कॉलेजात बीएस्सीला जात होती. त्या वर्षी कॉलेजात पर्यावरणाचा नवा विषय निघाला, आणि पोरीनं तोच धरला. गल्लीत कुणाला सांगता येईना ती काय शिकते ते. नर्सबाई होणार म्हटलं की लोक माना हलवतात. ही म्हणायची, हवा, पाणी, माती. "हवा काय शिकायची आसती?" असं शेजारची राजाबाई विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आतच हसायची. मायाप्पानं मात्र फी भरताना एकच सांगितलं होतं, "एक वरीस जरी मागं पडलीस तर बास. मग आमी सांगू तितं नांदायला जायचं." तो बोलायचा कमी आणि बोललेलं मागं घ्यायचा त्याहून कमी.

शिकवणारे बागेवाडी सर धारवाडकडचे. त्यांच्या मराठीत बाई-पुरुषाचा ताळमेळ नसायचा, पण विषय पक्का. त्यांनी सांगितलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या गावची हवा नाहीतर पाणी नाहीतर माती घ्यायची आणि मोजायची. पाडव्याच्या आत काम टेबलावर हवं, नाहीतर या विषयाच्या परीक्षेला बसवणार नाही. खानापूरच्या पोरानं नदी घेतली. कुणी बसस्टँड घेतला. अंजनानं तंबाखूची वखार घेतली, कारण जन्मापासून तिनं आईच्या लुगड्यातून तोच वास घेतला होता.

बायडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती फुगल्यावर म्हणाली, "तू यायचं न्हाईस. मी ठेवतो त्या बशा. कुटं ठेवायच्या तेवडं सांग."

अंजनानं सांगितलं. बशीला आतून एरंडेलाचा हात लावलाय. सकाळी झाकण काढायचं, चाळणीजवळ एक, दाराशी एक, पोत्यांच्या थप्पीवर एक, खिडकीत एक, अशा ठेवायच्या. संध्याकाळी झाकण लावून आणायच्या. बायडाबाईनं मान हलवली. झाकण काढायचं आणि झाकण लावायचं यात शिकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं असावं.

आता बायडाबाईची स्वच्छता सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यापायी झालं. त्या गल्लीत तिच्या घराइतकं लख्ख घर नव्हतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर भात वाढून खावा. भांडी राखेनं आणि चिंचेनं अशी घासायची की फळीवर मांडली की डोळे दिपावेत. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच ती रोज पुसायची. तिला कुणी नुसतं घाणेरडी म्हटलेलं खपत नसे, कारण लहानपणापासून तिनं तो शब्द पोटभर ऐकला होता. वखारीतसुद्धा मुकादम परशराम तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, तांब्याला हात लावू द्यायचा नाही. चहाला तिच्यासाठी कान तुटलेला कप खिडकीत वेगळा असायचा. तो कप तिनं घासून घासून असा केला होता की त्याच्यापुढं शेठचा कप काळा दिसावा.

तर ठरल्याप्रमाणे बशा वखारीत गेल्या आणि आल्या. अंजना तोवर कंग्राळीला परतली होती. बशा मायाप्पाच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर तिच्याकडं पोचल्या, नीट फडक्यात बांधून.

वर्गात सगळ्यांसमोर सरांनी पहिलं झाकण उचललं. बशी लख्ख. दुसरं उचललं. तीही लख्ख. तेलसुद्धा नव्हतं. आरशासारखी काच, आणि तिला चिंचेचा वास.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, हवापालट करायला आता निपाणीलाच जायला पाहिजे!"

वर्गात हशा फुटला. अंजनाचे कान तापले. ती उभीच राहिली, कारण बसली असती तर रडली असती.

"हा बशी कोण धुतला?" सरांनी विचारलं.

"माहीत न्हाय, सर."

सर काही ओरडले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाडव्याला अजून थोडे दिवस आहे. परत कर. आणला नाही तर मी काही करू शकत नाही बघ. पुढच्या वर्षी बस."

पुढच्या वर्षी म्हणजे कुठंतरी नांदायला, हे सरांना माहीत नव्हतं. अंजना त्याच दुपारी एसटीत बसली.

ती घरात शिरली तेव्हा बायडाबाई वखारीतून नुकतीच आली होती. डोळे लाल, पापण्यांवर तपकिरी धूळ. घशातली धूळ उतरावी म्हणून तोंडात गुळाचा खडा. पोरीला बघून ती हसली.

"काय म्हनाले गं सर? बशा बगून?"

"आई, तू घासल्यास?"

"घासल्या की! आगं, काय ती दशा झालती! वर ह्ये बोटभर भुकटी बसलेली, तेलात चिकटलेली. राकेनं निगंना, मग चिच लावली. आसल्या घाण बशा आपल्या घरातनं जायच्या व्हय कालेजात? सर काय म्हनतील, ह्यांच्या घरी भांडी घासत न्हाईत? मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, माज्या पोरीला कुनी नाव ठेवायचं न्हाय."

अंजना मटकन खाली बसली. हसावं का रडावं ते तिला कळेना, आणि मग दोन्ही आलं.

"आई, ती धूळच पायजे होती गं. तीच तर मोजायची होती. शेतकऱ्यानं खळ्यावर रास घालावी आणि तू झाडून उकिरड्यावर टाकावीस, तसं झालं हे."

बायडाबाईच्या तोंडातला गूळ तसाच राहिला.

"मग सर काय म्हनाले?"

"पोरं हसली. सर म्हणाले, पाडव्याच्या आत न्हाय आलं तर वर्ष गेलं."

मायाप्पा दारात उभा होता. त्यानं ऐकलं. जोडा काढायचा थांबला. बायडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि पदर खोचला.

"हसली व्हय? हसू देत. आन त्या बशा हिकडं. कवा ठेवायच्या? उद्या? उद्याच ठेवू. आनि ह्या खेपंला मी बोट लावलं तर म्हन."

दुसऱ्या खेपेला अंजनानं बशांना नव्यानं तेल लावलं. बायडाबाईनं त्या नेऊन ठेवल्या. पण अमावस्या जवळ आली होती, ते दोघींपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी जेवायची सुट्टी व्हायच्या आत दाराकडून आरडा उठला. पोत्यांच्या थप्पीवर हात घातलेल्या एका हमालाच्या बोटाला तेल लागलं होतं. बघतो तर काचेची बशी, आत तेल, तेलात काळी-तपकिरी भुकटी. एक सापडली म्हणून सगळीकडं शोधलं, तर चाळणीजवळ, दाराशी, खिडकीत. कोपरा कोपरा धरून मांडलेल्या.

"करणी! आवसंची करणी केलीया कुनीतरी!"

चाळण थांबली. बायका तोंडावरची फडकी ओढत अंगणात धावल्या. यशोदाबाई चौकटीतच बसली आणि म्हणू लागली की सकाळपासूनच तिचा डावा डोळा लवतोय. परशरामानं लिंबू आणायला माणूस पिटाळला आणि स्वतः बशांपासून चार हात लांब उभा राहिला. गडी एरवी वाघ, पण बशीला हात लावायची छाती होईना.

वखारीचे मालक तवनाप्पा गादीवरून उठून आले. "येनिदु?" त्यांनी परशरामाला विचारलं, मग मराठीत सगळ्यांना, "ह्ये काय चाललंय? कुनी ठेवल्या ह्या?"

बायडाबाई पुढं आली. तिच्या तोंडावर फडकं होतं, ते तिनं खाली घेतलं.

"मी ठेवल्या, अण्णा. करणी न्हवं. माज्या पोरीचं शिक्षण हाय ते."

"तेलात कसलं शिक्षण?"

"पर्यावरण म्हनत्यात. हितली हवा मोजायची हाय तिला. किती धूळ उडतीया ते."

गर्दीतून चाळणीवरच्या गुणाबाईचं हसू फुटलं. भीती गेली की माणूस उगाच जास्त हसतो, तशा बायका हसू लागल्या. यशोदाबाईचा डावा डोळाही लवायचा थांबला. पण तवनाप्पा हसले नाहीत. करणी असती तर त्यांना परवडली असती.

"मोजून कुनाला दावनार?"

"तिच्या सरास्नी."

"आनि सर कुनाला दावनार? उद्या सायेब येऊन हुबा ऱ्हायला, खिडक्या पाडा म्हनला, वखारीला कुलूप घातलं, मग तुमी सगळ्या काय खानार? मी बी हितलीच धूळ खातो, बायडाबाई. माजा बाप बी खाऊन गेला. कुनी मोजली न्हाय." ते बोलताना खोकले, आणि खोकला थांबेपर्यंत सगळे थांबले. "पोरगी शिकतीया, चांगलं हाय. पन माज्या वखारीत न्हाय. परत आसली बशी दिसली तर तू दिसायची न्हाईस हितं."

बशा करणीच्या नव्हत्या हे कळल्यावर परशरामाला छाती आली. त्यानं त्या गोळा करून उकिरड्यावर भिरकावल्या. काच फुटल्याचा आवाज बायडाबाईनं ऐकला आणि ती परत चाळणीपाशी जाऊन बसली. तिचे हात चालत होते, पण जबडा आवळलेला होता.

दुपारी चिंचेखाली बायका जेवायला बसल्या. जिची तिची जर्मनची नाहीतर पितळेची ताटली, फडक्यात बांधून आणलेली. बायडाबाईनं आपल्या ताटलीतली भाकरी मोडली आणि मोडतच राहिली.

"आता गं?" गुणाबाईनं विचारलं. "पोरीचं वरीस जानार?"

"तर! बाप तिचा बोलल्याला फिरनारा न्हाय."

"बशा फुटल्या त्या कालेजच्या?"

"व्हय. त्या बी भराव्या लागतील."

गुणाबाई आपल्या रिकाम्या ताटलीकडं बघत बसली. ताटलीच्या काठावर तिचं नाव कोरलेलं होतं, लग्नात माहेरनं आलेली. मग ती म्हणाली, "बायडे, बशीच लागती का गं? ताटली न्हाय चालत?"

बायडाबाईनं तोंडातला घास गिळला.

"बशी दिसायची न्हाय म्हनला न्हवं शेठ?" गुणाबाई पुढं म्हणाली. "ताटलीचं काय न्हाय बोलला. ताटली तर रोजच दिसती आमची. जेवलो, धुतली, आनि आपल्याशेजारी ठेवली. वाळाया. कोन काय म्हनंल?"

"व्हय गं," यशोदाबाई म्हणाली. "मी थप्पीपाशीच बसतो. माजी ऱ्हाऊ दे तितं."

"आनि माजी दाराशी," राजाबाई म्हणाली. तीच ती, हवा काय शिकायची म्हणणारी. "बगूया तरी आपुन दिवसाला किती खातो ते. नवरा म्हनतो, तू काय खातीस बसून बसून? दावतो त्याला."

बायडाबाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "धुळीनं आलेत गं," आणि कुणी तिला खोटं पाडलं नाही.

अंजना त्या संध्याकाळी सगळं ऐकून विचारात पडली. आधी वजन केलेलं नाही, तेल नाही. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं आईला समजावलं, धुळीची ताटली आधी काट्यावर घालायची, मग स्वच्छ धुऊन, वाळवून परत घालायची. जेवढं कमी भरलं, तेवढी धूळ. "पण आई, धक्का लागायचा न्हाय. तेल नसलं की धूळ सांडणार."

"सांडायची न्हाय," बायडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वखारीत चाळण जोरात होती. ज्या त्या जागी ताटल्या वाळत पडल्या होत्या. परशराम दोनदा पुढून गेला. एकदा थांबला. यशोदाबाई म्हणाली, "काय बगताय मुकादम? जेवायला येताय व्हय आमच्या ताटलीत?" तो गडबडीनं पुढं गेला. सुटीच्या वेळी प्रत्येकीनं आपली ताटली दुसऱ्या उपड्या ताटलीनं झाकली, फडक्यात बांधली आणि पाण्यानं भरलेली घागर न्यावी तशी अलगद बायडाबाईच्या घरी आणली.

मायाप्पानं वेताच्या बुट्टीत भाताच्या काडाची पिंजर भरली. पिंजरेला खळगे करून त्यानं एकेक ताटली अशी बसवली की हलवून बघितली तरी वाजेना. दोरीनं वरून आवळलं. मग बायकोला म्हणाला, "एकलीला जमनार न्हाय पोरीला. तू जा संगं."

"आनि वखार?"

"वखारी लई हायत निपानीत."

बायडाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं जणू तो आजच घरात आला होता.

सकाळच्या गाडीला गर्दी. कंडक्टर म्हणाला, "बुट्टी टपावर टाका, अव्वा."

"टपावर न्हाय जायची."

"मग मांडीवर घेऊन बसा."

"मांडीला धक्के बसत्यात. हुबी ऱ्हातो मी."

आणि ती उभी राहिली. बुट्टी डोक्यावर, एक हात बुट्टीला, एक हात वरच्या दांडीला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की तिचे गुडघे वाकायचे, कंबर लवायची, आणि डोकं होतं तिथंच राहायचं. विहिरीवरून पाणी आणून आणून ती मान तयार झाली होती. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. घाटात वळणं लागली तेव्हा अंजना म्हणाली, "आई, थोडा वेळ मी घेते." बायडाबाई म्हणाली, "तुज्या मानंचं काम न्हवं. तू तुजं पुस्तक वाच." एका बाईनं विचारलं, काय आहे बुट्टीत? देवाचं हाय का? बायडाबाई म्हणाली, "व्हय, तसंच." काकतीला गाडी थांबली आणि बसायला जागा झाली, तरी ती बसली नाही. तिचे पाय सुजले होते आणि खोकला दाबून दाबून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खोकली असती तर बुट्टी हलली असती.

कॉलेजच्या फरशीवर पाय ठेवताना मात्र ती अडखळली. चपला दाराबाहेर काढल्या. पोरं बघत होती. ज्या बाईनं जन्मात कुणाला न घासलेली वाटी दाखवली नव्हती, ती धुळीनं भरलेल्या ताटल्या घेऊन भर दिवसा परक्यांच्या पुढं उभी होती. तिला वाटलं, पदर ओढावा आणि बुट्टी झाकावी. तिनं पदर खोचला.

प्रयोगशाळेत सरांनी दोरी सोडली. पहिलं झाकण उचललं आणि ते मागं सरले. वास नाकात गेला, दोन पोरं शिंकली. ताटलीचा तळ दिसत नव्हता.

"किती दिवसाचं आहे हे?"

"येका दुपारचं, सर," बायडाबाई म्हणाली.

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग ताटली काट्यावर ठेवली. काठावरचं नाव त्यांना मराठीत वाचता आलं. "गुणाबाई," ते म्हणाले. "कुठं बसते?"

"चाळणीजवळ."

"लिही, अंजना. गुणाबाई, चाळणीजवळ." आकडा त्यांनी हळू सांगितला. मग यशोदाबाई, थप्पीपाशी. राजाबाई, दाराशी. बायडाबाई. मागच्या बाकावरचा तो पोरगा पुढं येऊन झाकणं धरू लागला होता. कुणी हसत नव्हतं.

सगळ्या झाल्यावर सर म्हणाले, "पाडव्याच्या आत आला. हा मुलगी परीक्षेला बसते." मग सरांनी शिपायाला हाक मारली, "ह्या ताटल्या धुऊन आण रे. परत वजन करायचं आहे."

"थांबा, सर," बायडाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं कनवटीची गाठ सोडली. आत चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर चुलीची राख होती आणि चिंचेचं बोटूक.

"दुसऱ्याच्या ताटल्या हायत. घासून परत द्याच्या म्हनून आनलीया. ते काम माजं." ती पोरीकडं वळली. तिची बोटं सकाळपासून शिवशिवत होती. "अंजे, घासू आता? का आनि काय मोजायचं ऱ्हायलंय?"

अंजनानं शेवटचा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली.

"घास, आई."

भिंतीला पांढरी मोरी होती आणि वर नळ. बायडाबाई त्याच्यापुढं ओंजळ धरून उभी राहिली. सवयीनं, कुणी वरून पाणी घालेल म्हणून. कुणी आलं नाही. मग तिनंच हात पुढं केला, नळ सोडला, आणि राखेचं बोट गुणाबाईच्या नावावरून फिरवलं.